बसायला जागा

मल्लेश्वरमच्या एका कोपऱ्यावर पिंपळ आणि कडुनिंब एकमेकांना बिलगून वाढले आहेत. दोघांच्या बुंध्याभोवती दगडी ओटा बांधलेला आहे. एका बाजूला हळदकुंकवाने माखलेल्या नागशिळा उभ्या आहेत, त्यांना इथे नागरकल्लु म्हणतात. सकाळी सगळ्यांच्या आधी फुलवाली येते. ओट्याच्या कडेवर टोपली टेकवते आणि शेवंतीची माळ कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ताणून मोजते. या मापाला मोळ म्हणतात. मग फिरून आलेले चार म्हातारे दुसऱ्या बाजूला बसतात आणि एकाच पेपरची पानं आपापसांत वाटून घेतात. दहानंतर एखादा डिलिव्हरीवाला हेल्मेट मांडीवर ठेवून पाच मिनिटं टेकतो. दुपारी दोन घरची कामं आटपून तिसऱ्या घराकडे निघालेल्या बायका इथेच डबा उघडतात. ओट्याची कड इतक्या लोकांच्या बसण्याने काचेसारखी गुळगुळीत झाली आहे. आत, बुंध्याजवळ, पाथरवटाच्या टाकीचे घाव मात्र अजून तळव्याला लागतात.

हा ओटा कुणी बांधला, हे तिथे बसणाऱ्या कुणालाच सांगता येत नाही. त्यावर कुणाचं नाव नाही. पण तो आपला आहे याबद्दल कुणाच्याही मनात शंका नसते.

बेंगळुरूतली सार्वजनिक बाकं हा या लेखनाचा विषय. इथल्या कलावंतांनी, इथल्या वस्तीकडे बघून, वस्तीसाठी घडवलेली किंवा घडवावीत अशी बाकं. वरवर पाहता विषय लहान आहे. शहराच्या अंदाजपत्रकात बाकाची किंमत नजरेत भरण्याएवढीही नसते. पण एखादं शहर आपल्या माणसांना कसं वागवतं, हे त्याच्या उड्डाणपुलांपेक्षा बाकांवरून लवकर कळतं असं मला मनापासून वाटतं. पुलावरून जायला गाडी लागते. बाकावर बसायला फक्त थकवा लागतो, आणि तो सगळ्यांकडे असतो.

मराठी वाचकाला या विषयात शिरायला दूर जावं लागत नाही, कारण दार आपल्या भाषेतच आहे. पिंपळाभोवतीच्या त्या ओट्याला कन्नडमध्ये अरळीकट्टे म्हणतात. अरळी म्हणजे पिंपळ आणि कट्टे म्हणजे आपला कट्टा. कन्नडमध्ये कट्टु म्हणजे बांधणं. जे बांधलं ते कट्टे, मग तो झाडाभोवतीचा ओटा असो की तळ्याचा बंधारा. गप्पांना कन्नड माणूस हरटे म्हणतो आणि गप्पांच्या ओट्याला हरटेकट्टे. आपण गप्पांचा कट्टा म्हणतो. चावडी हा शब्दही दोन्ही भाषांचा. घराच्या पुढच्या बाजूला रस्त्याकडे तोंड करून असलेल्या ओट्याला तिकडे जगली म्हणतात, आपण ओसरी किंवा ओटा म्हणतो. दोन भाषा शेजारी नांदल्या की देवघेव होते ती बहुतेक बाजारात आणि ओट्यावर, आणि त्याची खूण शब्दांत उरते.

खुणा दगडातही उरल्या आहेत. १६३८ मध्ये बेंगळुरू विजापूरकरांच्या हाती आलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. पुढे ते व्यंकोजी म्हणजे एकोजीराजांकडे होतं. मल्लेश्वरमला ज्या देवळावरून नाव पडलं त्या काडुमल्लेश्वराच्या परिसरात १६६९ चा कन्नड शिलालेख आहे. मल्लापूरच्या लोकांनी देवळाच्या खर्चासाठी एकोजींकडे मागणी केली आणि त्यांनी एक गाव लावून दिलं, अशी त्यात नोंद आहे. मला त्यातली मागणीची गोष्ट महत्त्वाची वाटते. गावकऱ्यांनी मागितलं, राज्यकर्त्याने दिलं, आणि दगडावर दोघांचीही नोंद झाली. आज फुटपाथवरच्या बाकावर आपण काय वाचतो? नगरसेवकाचं नाव, निधीचं वर्ष, फार तर देणगीदाराच्या वडिलांच्या स्मरणार्थ दोन ओळी. देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात असतं. ज्याच्यासाठी दिलं तो कुठेच नसतो.

बाक वस्तीतून येतं तेव्हा त्यात वस्ती दिसते. बेंगळुरूला तर यासाठी साहित्य शोधायला नको. केंपेगौडांनी सोळाव्या शतकात वसवलेल्या पेठेत धंद्याधंद्याच्या गल्ल्या होत्या आणि नावं अजून तीच आहेत: बांगड्यांची बळेपेटे, तांदळाची अक्किपेटे, कापसाची अरळेपेटे, धान्याची तरगुपेटे. तिगळ समाजाचा करग उत्सव चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मरायाच्या देवळातून निघतो आणि वाटेत मस्तानसाहेबांच्या दर्ग्यात थांबतो. बसवनगुडीत कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. शेतकरी नवी शेंग आणून रस्त्याच्या कडेला तिचे ढीग लावतात. साठेक किलोमीटरवरच्या चन्नपट्टणात लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी कातली जातात. धारवाडकडची कसूती आणि आपण जिला इरकल म्हणतो ती इळकल साडी या शहरातल्या हजारो घरांच्या कपाटांत आहे. आणि या सगळ्याखाली दगड आहे. लालबागेतला खडक सुमारे तीन अब्ज वर्षांचा मानतात. देवनहळ्ळीकडच्या सादरहळ्ळीचा करडा ग्रॅनाइट देशभर जातो. बेंगळुरूचं जुनं बाक म्हणजे दोन उभ्या दगडांवर टाकलेली एक आडवी शिळा. ना खिळा, ना रंग. ती चोरीला जात नाही, गंजत नाही आणि पावसाने धुतली की नवी दिसते.

मग अडचण कुठे आहे? दगड आहे, हात आहेत, गोष्टी आहेत. फक्त बसायच्या जागा कमी होत गेल्या. जुन्या घरांच्या जगल्या रस्तारुंदीत गेल्या, उरलेल्या पार्किंगखाली गेल्या. एम. जी. रोडच्या बुलेव्हारवर बोगनवेलीखाली एक पिढी संध्याकाळी बसत असे. मेट्रोच्या कामात तो पट्टा गेला. २०१३ मध्ये त्याच जागी रंगोली मेट्रो आर्ट सेंटर उभं राहिलं, तिथे कलादालनं झाली, आणि लोक पुन्हा यायला लागले ही चांगली गोष्ट झाली. पण बोगनवेलीची सावली परत आली नाही. शहरातली बरीचशी उद्यानं वर्षानुवर्षं भर दुपारी कुलूपबंद असत. सकाळी फिरणाऱ्यांसाठी उघडी, संध्याकाळी मुलांसाठी उघडी, आणि उन्हात राबणाऱ्याला सावली लागते त्या वेळी नेमकी बंद.

बसण्याचा हक्क ही कल्पना आपल्या देशात नुकतीच कायद्यात आली आहे. केरळमधल्या कापड दुकानांत बायकांना दिवसभर उभं राहावं लागे, गिऱ्हाईक नसलं तरी बसायची सोय नसे. त्यांनी अनेक वर्षं लढा दिला. २०१८ मध्ये केरळने दुकाने कायद्यात बदल करून बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच बदल केला. दुकानातल्या स्टुलासाठी कायदा करावा लागतो, तर रस्त्यावरच्या बाकासाठी कुणीतरी बोलायला नको का?

बेंगळुरूतले कलावंत या बाबतीत बोलत आले आहेत, हे या शहराचं भाग्य. २०१५ मध्ये बादल नंजुंडस्वामी या चित्रकाराने सुलतानपाळ्याच्या रस्त्यावरच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या खड्ड्यात खऱ्याएवढी मगर आणून ठेवली. लोक फोटो काढायला जमले, बातम्या झाल्या आणि खड्डा बुजला. चर्च स्ट्रीटवर २०१० मध्ये ‘द अग्ली इंडियन’ हा गट सुरू झाला. या लोकांनी आपली नावं कधी जाहीर केली नाहीत. कचऱ्याचा कोपरा एका सकाळी साफ करायचा, भिंत रंगवायची, झाडाची कुंडी ठेवायची आणि पुन्हा घाण होते का ते पाहायचं, ही त्यांची पद्धत. सृष्टी या कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी ‘आर्ट इन ट्रान्झिट’ उपक्रमात मेट्रो स्थानकांच्या भिंतींवर त्या त्या भागाच्या गोष्टी आणल्या. २०१६ मध्ये पूर्णिमा सुकुमार यांनी सुरू केलेला अरवानी आर्ट प्रोजेक्ट तृतीयपंथी स्त्रियांना सोबत घेऊन भिंती रंगवतो. ज्या रस्त्यावर त्यांना कुणी उभं राहू देत नसे, त्याच रस्त्यावरच्या भिंतीवर त्यांचे चेहरे आले. प्लेगनंतर वाढलेल्या मल्लेश्वरममध्ये घरांच्या मागून मैला नेण्यासाठी अरुंद गल्ल्या ठेवल्या होत्या. मुंबईकर त्यांना घरगल्ल्या म्हणतील. कचऱ्याने भरलेल्या या गल्ल्यांपैकी काही गल्ल्या रहिवाशांनी आणि चित्रकारांनी मिळून साफ केल्या, रंगवल्या आणि चालण्याजोग्या केल्या. लालबागेत कोसळलेल्या जुन्या झाडांच्या खोडांतून शिल्पकारांनी आकृत्या कोरल्या. पडलेलं झाड सरपणाला न जाता बागेतच राहिलं.

या सगळ्यात भिंतीचा वाटा मोठा आहे, बसण्याचा लहान. याचं कारणही समजण्यासारखं आहे. भिंतीवरचं चित्र एका आठवड्यात होतं आणि फोटोत लगेच दिसतं. बाकाला पाया लागतो, परवानगी लागते, आणि ते वर्षानुवर्षं लोकांचं वजन, ऊन आणि पाऊस झेलतं. चित्र बघायचं असतं, बाक वापरायचं असतं. म्हणून बाकावर काम करणाऱ्या कलावंताची परीक्षा अवघड होते. आकृती कितीही सुरेख असो, गुडघे दुखणाऱ्या आजीला त्यावरून उठता आलं नाही तर काम फसलं. बसायची उंची साधारण ४५ सेंटिमीटर हवी. उठताना रेटा द्यायला हाताला आधार हवा. पाठीला टेकू हवा. शिळेला किंचित उतार हवा, नाहीतर ऑक्टोबरच्या पावसाचं पाणी साचतं आणि कुणी बसत नाही. उघड्यावरचा काळा ग्रॅनाइट एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो, म्हणून आधी झाड पाहायचं, मग बाकाची जागा ठरवायची. हे नियम रूक्ष वाटतील, पण कलावंताने ते शिकायचे असतात. पाथरवटाला ते न सांगता कळत होते.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र मापांत बसत नाही. इथे कोण बसणार, हे आधी कुणीतरी विचारायला हवं. ‘समाजाकडून प्रेरणा घेतली’ असं म्हणणं सोपं आहे. कसूतीचा गोपुराचा नमुना फरशीत उतरवला की ती प्रेरणा झाली, असं समजलं जातं. तो नमुना सुंदर असेलही, पण ज्या बाईच्या पदरावर तो आहे तिला बाक कुठे हवं होतं, सावलीत की बसस्टॉपजवळ, एकटीला बसण्याएवढं की चौघींना समोरासमोर बसता येईल असं, हे विचारलंच नसेल, तर आपण तिच्याकडून नक्षी घेतली आणि तिला काहीच दिलं नाही. माझ्या मते कलेची सुरुवात या विचारण्यापासून होते. बाकीचं कौशल्य त्यानंतरचं.

जगात याचं सर्वांत सुंदर उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. रिव्हरसाइड ड्राइव्हवर जनरल ग्रँट यांची ग्रॅनाइटची समाधी आहे, भव्य आणि गंभीर. १९७२ ते १९७४ या काळात पेद्रो सिल्वा या कलावंताच्या मार्गदर्शनाखाली आसपासच्या मुलांनी आणि मोठ्यांनी समाधीभोवती लाटेसारखं वळत जाणारं सिमेंटचं बाक बांधलं आणि त्यावर रंगीत फरशीचे तुकडे बसवले. कुणी मासा केला, कुणी टॅक्सी, कुणी शेजाऱ्याचा चेहरा. पुढे समाधीच्या गांभीर्याला ते शोभत नाही म्हणून हलवण्याचा विचार झाला, तेव्हा परिसरातले लोक विरोधात उभे राहिले. बाक आजही तिथे आहे. ज्यांनी लहानपणी तुकडे बसवले, ते मोठेपणी त्याच्या बाजूने उभे राहू शकले. देखभालीचा याहून भक्कम करार कुठला असेल?

दुसरं उदाहरण झिम्बाब्वेचं. हरारेतले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये फ्रेंडशिप बेंच सुरू केलं. देशात मानसोपचारतज्ज्ञ मोजके, रुग्ण असंख्य. त्यांनी वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण दिलं आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाकं ठेवली. माणूस येतो, आजीशेजारी बसतो आणि बोलतो. या पद्धतीने नैराश्य कमी होतं, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. त्या बाकावर नक्षी नाही. पण कोण कुणाशेजारी बसणार, याचा विचार त्या बाकाएवढा फार कमी ठिकाणी झाला असेल.

आपल्याकडे कट्ट्याचं मोल कळायला परदेशी उदाहरण लागू नये. मुंबईचं शिवाजी पार्क १९२५ मध्ये खुलं झालं. मैदानाला वेढणारा त्याचा कट्टा किलोमीटरहून अधिक लांब आहे. त्यावर पिढ्यान्पिढ्या क्रिकेट, नाटकं, निवडणुका आणि लग्नं ठरली. तो कुणी कलाकृती म्हणून बांधला नव्हता. उंची बरोबर होती आणि तो सगळ्यांना मोकळा होता, एवढंच. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले आणि बसायच्या जागा केल्या, तेव्हा तिथे पहिल्या संध्याकाळपासून माणसं बसू लागली. विल्यम व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या चौकांचं वर्षानुवर्षं चित्रीकरण केलं आणि १९८० मध्ये निष्कर्ष मांडला. तो अगदी साधा होता: बसायला जागा असली की लोक बसतात. बेंगळुरूत २०२३ च्या सुरुवातीला कब्बन पार्कात दर शनिवारी शांतपणे पुस्तक वाचायला जमण्याचा ‘कब्बन रीड्स’ हा परिपाठ सुरू झाला आणि बघता बघता पुण्यामुंबईसह कितीतरी शहरांत पोचला. लोक चटया घेऊन आले. माणसांना एकत्र बसायचं असतं, एवढं त्या चटयांवरून कळायला पुरेसं आहे.

पुढची पानं वाचताना वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. सुशोभीकरणाची एक बाजू नेहमी झाकली जाते. रस्ता सुंदर होतो तेव्हा आधी फेरीवाला उठवला जातो. बाकाच्या मध्यभागी लोखंडी दांडा बसवला जातो, म्हणजे कुणाला आडवं होता येऊ नये. झोपणारा माणूस नको असतो, आणि त्यासाठी बसणाऱ्या सगळ्यांचीच गैरसोय केली जाते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे आणि त्यानुसार नेमायच्या समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. बाकांची जागा ठरवताना तोच न्याय लावायला काय हरकत आहे? कलावंत, पाथरवट, त्या रस्त्यावरचा एक विक्रेता, एक ज्येष्ठ नागरिक, चाकाच्या खुर्चीवरून फिरणारी एक व्यक्ती आणि शाळेतली दोन मुलं एवढी माणसं एका सकाळी त्या कोपऱ्यावर जमली, तरी आराखडा निम्मा तयार होईल.

ही वेळही त्यासाठी योग्य आहे. सप्टेंबर २०२० पासून बेंगळुरूच्या महापालिकेत निवडून आलेले नगरसेवक नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाखाली पाच स्वतंत्र महानगरपालिका झाल्या. नवी घडी बसत असताना मागणी केली तर ती ऐकली जाण्याची शक्यता अधिक असते. मल्लापूरच्या गावकऱ्यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसालाही या मागणीत वाटा घेता येईल. चिक्कपेटेच्या आसपास पिढ्यान्पिढ्या राहिलेली रंगारी आणि शिंपी कुटुंबं असोत, की काल परवा आयटीतल्या नोकरीसाठी आलेली मुलं असोत, या शहराने आपल्याला बसायला जागा दिली आहे. आपण जिथे राहतो तिथल्या कट्ट्यासाठी बोलणं, हे या शहराचे होण्याचा सोपा मार्ग आहे. त्यासाठी अस्खलित कन्नड यावंच लागतं असं नाही. कट्टे हा शब्द तर आधीपासून आपला आहे.

पुन्हा त्या कोपऱ्यावर येतो. उद्या तिथे कुणी नवं बाक करायचं ठरवलं, तर मी आनंदाने स्वागत करीन. त्यावर करगाची फुलं असोत, शेंगांचा ढीग असो, चन्नपट्टणाचे लालपिवळे रंग असोत, काहीही असो. ते काम जमलं की नाही हे ठरवायला मला उद्घाटनाला जायची गरज नाही. सहा महिन्यांनी सकाळी सहाला जाईन. फुलवाली आपली टोपली त्याच्या कडेवर टेकवून माळ मोजत असेल आणि तिला तिथून कुणी उठवलं नसेल, तर बाक चांगलं झालं असं समजावं.